बागेची विचारपूस: पावसाळ्याच्या तोंडावर आलेले प्रश्न

या महिन्यात प्रश्न भरपूर आलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी एकच विचारलंय, "काय फवारू?" म्हणून आधीच सांगून टाकते की माझं पहिलं उत्तर बहुतेक वेळा "थोडं थांबा आणि नीट बघा" असंच असणार आहे. पानाच्या मागे कोण बसलंय, मुंग्या कुठून कुठे चालल्यात, माती बोटभर खोल ओली आहे की कोरडी, हे बघितल्याशिवाय बाटली हातात घ्यायची नाही. सगळीच पत्रं घेणं शक्य नाही, जी सगळ्यांच्या उपयोगाची वाटली ती घेतलीयेत.

प्रश्न: ताई नमस्कार. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे, दोन वर्षं सांभाळलेलं झाड. आधी पानांवर पक्ष्यांची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून दुर्लक्ष केलं, आता जाड हिरव्या अळ्या झाल्यात आणि अर्ध्या फांद्या बोडक्या करून टाकल्यात. हात लावला की डोक्यातून केशरी शिंगं काढतात आणि घाण वास येतो. मुलगी घाबरते. नीम ऑइल मारू का? (नाशिक)

उत्तर: नका मारू, आधी मुलीला बोलवा आणि दोघी मिळून बघा, कारण तुमच्या घरी फुलपाखरं तयार होतायत. ही लिंबावरच्या फुलपाखरांची अळी आहे, लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन. ही फुलपाखरं लिंबू, कढीपत्ता अशा एकाच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, लाइम बटरफ्लायला बेलही चालतो, पण समोरच्या जास्वंदीला यातली एकही अळी तोंड लावणार नाही. लहानपणी ती मुद्दाम पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि ती केशरी शिंगं म्हणजे एक मऊ अवयव आहे, धोका वाटला की बाहेर काढायचा आणि वास सोडायचा. चावत नाही, खाज येत नाही, अंगावर केस नाहीत. घरात मूल असेल तर भीती घालवायला याच्यासारखी दुसरी अळी नाही.

आता झाडाचं. दोन वर्षांचं झाड आहे म्हणताय तर पाचसहा अळ्या ते सहज सोसेल, पानं गेली तरी खोड जिवंत असतं आणि अळ्या कोषात गेल्या की दोनतीन आठवड्यांत नवी पालवी येते, उलट छाटणी केल्यासारखं झाड भरगच्च फुटतं. तेव्हा ओंजळभर कंपोस्ट घाला बस. अळ्या खूपच जास्त असतील तर दोनतीन ठेवा आणि बाकीच्या पानासकट उचलून आसपासच्या मोठ्या लिंबावर नेऊन सोडा. हां, झाड अगदी वीतभर रोप असतं तर मी म्हटलं असतं की अंडी असतानाच हलवा, कोवळ्या पानावर एकेकटं घातलेलं पिवळसर मोत्यासारखं अंडं असतं, नजर बसली की लगेच दिसतं.

अजून एक गोष्ट. आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन आहे, २०१५ साली जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. लोक मला विचारतात फुलपाखरं यावीत म्हणून कुठली फुलं लावू, फुलं लावाच, पण फुलपाखरू फुलावर फक्त जेवायला येतं, राहतं ते अळीच्या झाडावर. कढीपत्ता, लिंबू, रुई, सीताफळ, पानफुटी ही झाडं असतील आणि पानं खाल्लेली आपल्याला चालत असतील तरच फुलपाखरं वाढतील. आणि अळ्या फक्त फुलपाखरासाठीच नाहीत, शिंपी, बुलबुल, अगदी मध पिणारे शिंजीर सुद्धा पिल्लांना किडे आणि अळ्याच भरवतात. बाग एकदम "स्वच्छ" केली की पहिले हे पक्षी जातात.

प्रश्न: सातव्या मजल्यावर राहतो, टेरेसला दोडक्याचा वेल मस्त चढलाय, फुलं भरपूर, पण छोटे दोडके बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात. शेणखत, जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) सगळं चालू आहे. कारल्याचंही तसंच. काय कमी पडतंय? (पुणे)

उत्तर: खत कमी पडत नाहीये, मला तर वाटतं थोडं जास्तच होतंय. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे, परागीभवन होत नाहीये.

वेलवर्गीय भाज्यांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे जन्मतःच छोटा दोडका असतो, नर फुलाच्या मागे नुसता देठ, आणि दोडक्यात नर फुलं एका लांब दांड्यावर घोसाने येतात, मादी एकेकटी. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलंच येतात, ते नॉर्मल आहे, घाबरायचं नाही. तो मागचा छोटा दोडका दिसला की आपल्याला वाटतं फळ धरलं, पण ते धरलेलं नसतं, परागकण पोचले नाहीत की झाड ते टाकून देतं.

आता खरी मेख वेळेची आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, दुधी भोपळ्याचंही संध्याकाळी, म्हणून दुधीचं फूल पांढरं असतं, अंधारात पतंगांना दिसायला. सातव्या मजल्यावर पतंग किती येणार आणि आले तरी सोसायटीच्या दिव्यांकडे जाणार. तुम्ही सकाळी पाणी घालताना ब्रश फिरवत असाल तर दोडक्याला त्याचा उपयोग नाही, वेळ निघून गेलेली असते. संध्याकाळी सहासाडेसहाला ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने टेकवा, एका नर फुलात दोनतीन मादी फुलं होतात. कारलं, काकडी, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं मात्र सकाळी उमलतात, त्यांचं काम उजाडल्या उजाडल्या उरकायचं, लाल भोपळ्याचं फूल तर दुपारपर्यंत मिटून जातं. एवढं वेळापत्रक पाळलंत तरी फरक पडेल.

तरीही पिवळं पडलं तर ते फळ चिरून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या आणि सालीवर टोचल्याची खूण, त्यातून डिंकासारखं काही आलेलं, तर ती फळमाशी. मादी माशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आत खाते, मग फळातून बाहेर पडून मातीत कोष करते. त्यामुळे वरून फवारून अळीला काहीच होत नाही, ती आत बसलेली असते. किडलेली फळं कंपोस्टमध्ये टाकायची नाहीत, पिशवीत घट्ट बांधून चारपाच दिवस कडक उन्हात ठेवा, पाऊस लागला असेल तर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. परागीभवन झालेल्या फळाला दुसऱ्या दिवशी जुन्या ओढणीची किंवा नेटची पिशवी बांधा, हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. कृषी केंद्रात कामगंध सापळे (वासाने नर माशीला ओढणारे) मिळतात, वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूर मागा, मिथाईल युजेनॉल आंबा-पेरूच्या माशीसाठी असतं, दुकानदार पुष्कळदा तेच हातात देतो. सापळ्यात फक्त नर अडकतात हे लक्षात ठेवा, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नका.

आणि जीवामृत दर आठवड्याला चालू असेल तर फुलं दिसल्यावर जरा हात आखडा. नत्र जास्त झालं की वेल पानंच पानं काढतो. कुंडी किती मोठी आहे ते लिहिलं नाहीत, दोडक्याला वीस लिटरची बादली फार लहान पडते, चाळीसपन्नास लिटर माती हवी.

प्रश्न: घरी कंपोस्ट सुरू केलं, महिना झाला. वास येतो, खाली काळं पाणी साचतं आणि आता राखाडी जाडजूड अळ्या झाल्यात, वळवळतात. सासूबाई म्हणतात उद्याच्या उद्या फेकून दे. फेकू का? (ठाणे)

उत्तर: सासूबाईंना म्हणावं आठ दिवस द्या. वासाचं कारण एकच, ओलं जास्त आणि कोरडं कमी. भाजीची देठं, साली, उरलेला भात यात पाणी आणि नत्र भरपूर असतं, सुकी पानं, भुसा, कोकोपीट, फाडलेला पुठ्ठा यात कार्बन. जिवाणूंना साधारण तीस भाग कार्बनला एक भाग नत्र असं जेवण लागतं, आपल्याला मोजत बसायची गरज नाही, एक वाटी ओलं टाकलं की दोन वाट्या कोरडं टाकायचं. नाहीतर मधली हवा संपते आणि बिनहवेचे जिवाणू काम सुरू करतात, तो कुजका वास त्यांचा. आज सगळा डबा एका जुन्या चादरीवर उपडा करा, भरपूर सुका पालापाचोळा मिसळा, मोठे तुकडे हाताने मोडा, डब्याला बाजूने आणि खाली भोकं आहेत ना ते बघा, परत भरा. वर नेहमी कोरड्याचा थर राहिला पाहिजे, ओलं उघडं दिसता कामा नये. तेल, मटण-मासे, दुधाचे पदार्थ सध्या नकोच.

त्या अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असणार, ब्लॅक सोल्जर फ्लाय. या तुमचं काम करतायत, कचरा खूप वेगाने संपवतात. ही माशी घरमाशीसारखी जेवणावर येऊन बसत नाही, चावत नाही. कोरडं वाढवलंत की त्यांची संख्या आपोआप कमी होईल. मारू नका, मीठ तर अजिबात टाकू नका, त्या मिठाने पुढे झाडाची मुळं जळतील.

खाली साचलेलं पाणी दहापट साध्या पाण्यात मिसळून मोठ्या झाडांना घाला, पालेभाज्यांना नको. दोनतीन महिन्यांत खत भुसभुशीत, गडद होईल आणि पहिल्या पावसानंतर येतो तसला मातीचा वास येईल, दोन्हीकडे तो वास एकाच प्रकारच्या जिवाणूंमुळे येतो, तो आला की खत तयार झालं समजा. महागडं कल्चर विकत आणायची काहीच गरज नाही, आधीच्या खताची मूठ किंवा आंबट ताक पुरतं.

प्रश्न: सोसायटीत मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झाली की झाडूवाले मामा कोपऱ्यात ढीग करून पेटवतात, पावसाळ्याआधी परत एकदा. कमिटीला सांगितलं तर म्हणतात डास जातात. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर: डास जात नाहीत, धूर मात्र आपल्याच घरात येतो. कमिटीला शांतपणे सांगा की उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातलीये, साध्या जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार रुपये दंड. पण नुसता कायदा दाखवून माणसं ऐकत नाहीत आणि मामांना तर दोष देऊच नका, त्यांना ढीग हलवायला कुणी जागाच दिलेली नसते. तेव्हा जागा द्या. भिंतीच्या कडेला जाळीचा एक गोल पिंजरा करा, चारेक फूट व्यासाचा, त्यात पानं भरा, पाऊस त्यांना भिजवेल, ढीग बसत जाईल तसतसा अजून भरा. मध्ये मध्ये शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडलं तर लवकर होतं, नाही शिंपडलं तरी सहा महिने ते वर्षभरात पानांचं सुरेख खत मिळतं. वरच्या प्रश्नातल्या ठाण्याच्या ताईंसारखे लोक तर कोरड्या पानांसाठी वणवण करत असतात, पुण्यात ब्राऊन लीफ म्हणून एक उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांची ज्यांना हवीत त्यांच्याशी गाठ घालून देतो, पिशव्या भरून पानं जातात. उरलेली पानं सरळ झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, खोडाला चिकटवू नका एवढंच. पडलेलं पान त्या झाडाचंच जेवण आहे, आपण ते जाळतो आणि मग नर्सरीतून पोत्याने खत आणतो, हे मला खरंच बघवत नाही.

प्रश्न: रिटायर झालोय. गच्चीवर विटांचे वाफे करून एक फूट माती भरायचा विचार आहे, सबंध गच्ची. सुपरवायझर म्हणतो स्लॅब मजबूत आहे. (कोल्हापूर)

उत्तर: काका, थांबा, माती भरू नका. हिशोब बघा. एक चौरस मीटर जागेत फूटभर ओली माती म्हणजे जवळजवळ ५०० किलो, वर विटांचं वजन वेगळं. आपल्याकडे राहत्या घरांची वापरातली गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो अधिकचा भार धरून डिझाइन करतात. म्हणजे तिप्पट झालं, आणि पावसात माती पाणी धरून बसली की अजून. स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय पूर्ण गच्ची भरायची नाही, सुपरवायझरच्या शब्दावर तर मुळीच नाही.

पण बाग होईल, काळजी नको. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाज्या-फळं पिकवून दाखवली, माती अगदी नावाला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच खरकट्यापासून बाग उभी केली. कोल्हापुरात तर रसवंत्यांना तोटा नाही, चिपाडं रोज फेकली जातात, ती आणा, दोनतीन दिवस उन्हात वाळवा नाहीतर गोडव्यामुळे मुंग्या लागतील, मग तुकडे करून क्रेटमध्ये किंवा पिशवीत चिपाडं, सुका पाला आणि कंपोस्ट असे थर द्या, माती फक्त वरच्या थरात. ओलं असतानाही हे मातीच्या मानाने खूप हलकं राहतं. मेथी-पालक-कोथिंबिरीला सहाआठ इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर. हे मिश्रण बसत जातं, दर हंगामाला वरून भर घालावी लागते.

हे थर लवकर कुजावेत म्हणून अमृतजल करा: १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरायचं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातून, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्या लोकांच्या गटातून, ही सगळी विचारधारा आली, दाभोळकर तुमच्या कोल्हापूरचेच, तेव्हा तुमच्याकडे जुने जाणकार लोक भेटतील, त्यांच्याशी जाऊन बोला.

जड कुंड्या बीमवर आणि कडेच्या भिंतींलगत ठेवा, मधोमध हलके क्रेट. सगळं चारसहा इंच उंच स्टँडवर, म्हणजे खालून झाडता येईल आणि पाणी तुंबणार नाही. वॉटरप्रूफिंग बाग करायच्या आधी, नंतर नाही.

प्रश्न: अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, रोज एक रील येते. खरं काय? (नागपूर)

उत्तर: सगळं कंपोस्टमध्ये टाका, तिथे सगळ्याचा उपयोग आहे. वेगवेगळं कुंडीत टाकून चमत्कार होत नाही. टरफलं विरघळायला फार वेळ घेतात आणि आपल्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर आहे. चहाचा चोथा साखर-दूध धुऊनच. तांदळाचं पाणी घाला, चांगलंच आहे, शेवटी पाणीच आहे ते.

प्रश्न: जास्वंदीची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. शिवाय शेंड्यांवर पांढरा कापूस. बोअरचं पाणी घालते. (सोलापूर)

उत्तर: दोन वेगळे त्रास आहेत. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून गंजके खिळे पुरून काही होणार नाही. वरची माती दोन इंच काढून त्या जागी कंपोस्ट भरा, पंधरा दिवसांतून एकदा पातळ ताक घाला, आणि आता पाऊस येतोय तर पावसाचं पाणी पिंपात धरा, जास्वंद आणि मोगऱ्याला पावसाचं पाणी लगेच मानवतं. जुनी, खालची पानं पिवळी पडत असती तर मी आधी पाणी जास्त होतंय का हे विचारलं असतं.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग. आधी मुंग्या आहेत का बघा, असणारच. ढेकूण गोड चिकटा सोडतात, तो मुंग्या खातात आणि बदल्यात ढेकणांना एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात, त्यांच्या शत्रूंना हाकलतात. म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवून मुंग्यांची वाट तोडा (पावसाळ्यात ताटलीतलं पाणी रोज बदला, डास होतील), फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. हे सलग आठवडाभर केल्यावरही राहिले तरच लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल आणि थोडा लिक्विड सोप, नीट फेटून, संध्याकाळी, फक्त लागण झालेल्या फांद्यांवर. उन्हात कडुनिंबाचं सत्त्व टिकत नाही आणि पानंही करपतात. कपड्याची पावडर वापरायची नाही.

आणि मारण्याआधी नीट बघा हं, ढेकणांमध्ये त्यांच्यापेक्षा मोठी, जास्त लोंबत्या पांढऱ्या धाग्यांची, चटचट चालणारी अळी दिसली तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची असू शकते, लेडीबर्डचीच जात, ती ढेकूणच खाते. ती दिसली की फवारणी बंद.

प्रश्न: परसात मोठ्ठ्या शंखाच्या गोगलगायी झाल्यात, एका रात्रीत झेंडूची रोपं साफ. मीठ टाकू का? (लातूर)

उत्तर: मातीवर मीठ नको, माती खराब होते. ही आफ्रिकन शंखी गोगलगाय, २०२२ च्या पावसाळ्यात तुमच्याच भागात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी पिकं हिनेच खाल्ली होती, तेव्हा हयगय नको. इथे मी थांबा म्हणणार नाही, कारण ही आपल्याकडची नाही आणि एकेक मादीसारखी वागते, म्हणजे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, शंभराच्या वर एकेका वेळी. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याच्या कडेला टाका, पहाटे गोणपाटाखाली जमलेल्या गोळा करा, साबणाच्या किंवा मिठाच्या बादलीभर पाण्यात टाका आणि नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हातमोजे घालूनच, उघड्या हाताने कधीच नाही, त्यांच्यातून माणसाला मेंदूपर्यंत जाणाऱ्या कृमींची लागण होऊ शकते, मुलांना खेळू देऊ नका. पालेभाजी धुऊन शिजवूनच खा. माती उकरून साबुदाण्यापेक्षा जरा मोठी पिवळसर अंडी दिसली तर तीही नष्ट करा. बाजारातल्या विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांना मारतात, घराजवळ नकोत. हे काम आळीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं तर उपयोग, एकट्याने करून शेजारच्या परसातून परत येतात. आपल्याकडच्या छोट्या गोगलगायींना मात्र यात धरू नका.

प्रश्न: बाल्कनीच्या वर आग्या मोहोळ लागलंय. पेस्ट कंट्रोलवाला रात्री येऊन पाच मिनिटांत संपवतो म्हणाला. (नवी मुंबई)

उत्तर: त्याला बोलावू नका. आग्या माश्या एका जागी कायम राहत नाहीत, फुलोरा संपला की पोळं सोडून स्वतःहून जातात. तोवर त्या बाल्कनीचा दिवा रात्री बंद ठेवा, पडदा लावा, कारण उजेडाला माश्या आत येतात आणि तिथेच चावण्याचे प्रकार होतात. पोळ्याजवळ धूर, अत्तर, फटाके, दगड काही नको. घरात कुणाला माशीच्या चाव्याची ॲलर्जी असेल किंवा पोळं अगदी हाताच्या अंतरावर असेल तर माश्या न मारता पोळं काढणारे प्रशिक्षित लोक असतात, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे चौकशी करा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला, तिथे माश्यांवर घरं चालतात, आणि आपण पाच मिनिटांत हजारो माश्या मारायच्या हे बरोबर नाही. तुमच्या खारघरच्या टेकड्यांवरची झाडं फळतात त्यात यांचा वाटा आहे.

प्रश्न: शाळेच्या मैदानाभोवती गाजर गवत माजलंय. मुलांकडून उपटून घेऊ का? (जालना)

उत्तर: सर, लहान मुलांकडून नको, या गवताने कातडीला खाज आणि दम्याचा त्रास होतो. मोठ्यांनी हातमोजे-मास्क लावून, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, फुलं यायच्या आधी मुळासकट उपटायचं. फुलं नसतील तर खुशाल कंपोस्ट करा. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि आता देशभर आहे. मुलांना मात्र एक काम द्या: पावसाळ्यात या गवतावर पांढरट पाठीवर काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसतात, मेक्सिकन भुंगेरे, १९८४ साली मुद्दाम आणून सोडलेले, ते हेच गवत खातात. मुलांनी ते गवताला हात न लावता शोधावेत, मोठ्यांनी कागदी पिशवीतून उचलून जिथे नाहीत तिथे नेऊन सोडावेत, आणि पानं किती दिवसांत संपतात ते मुलांनी वहीत लिहावं. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा येऊ द्या, तो दाट वाढला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही.

प्रश्न: आजीकडून आलेली गावरान भेंडी आणि दुधी लावलेत. बी धरायचंय, पण शेजारी विकतच्या बियाण्याचा दुधी आहे. चालेल? (संगमनेर)

उत्तर: तुमच्या शेजारच्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे आहेत, त्यांनी अशीच घराघरातली गावरान बियाणी जमवली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकदा जाऊन बघाच.

भेंडीचं सोपं आहे, ती बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. चांगल्या निरोगी झाडाची, सुरुवातीच्या दिवसांतली दोनतीन भेंडी खायला न काढता झाडावरच वाळू द्या, फोडल्यावर बी खडखडीत झालं पाहिजे. दुधीचं मात्र अवघड आहे, शेजारच्या वेलाचे पराग येणारच. त्यामुळे मादी फूल उमलायच्या आदल्या दिवशीच, कळी फुगलेली दिसली की कागदी पिशवीत बंद करा, नर कळीही तशीच बांधा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही उघडून आपल्याच वेलाचा पराग आपल्याच फुलाला लावा आणि परत पिशवी बांधा. फळ धरलं की देठाला रंगीत दोरा, म्हणजे घरातलं कुणी चुकून भाजीला तोडणार नाही. साल लाकडासारखी टणक होईपर्यंत वेलावरच ठेवा. बी काढून धुऊन सावलीत वाळवा, चुलीची चाळलेली राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालून बरणीत ठेवा, वर नाव आणि साल लिहा. पुढच्या वर्षी सगळं बी एकदम पेरू नका, निम्मं शिल्लक ठेवा आणि थोडं आजीच्या गावी परत पाठवा.